फाटकाबाहेरची नीरा

गेल्या महिन्यात पारशिवनीला घरी होतो. वर्क फ्रॉम होम चालू, आणि भर दुपारी लाइन गेली. लॅपटॉप थोड्या वेळात बंद पडला. मोबाइलमध्ये डेटा होता, म्हणून १९३७ चा 'कुंकू' लावला. दहा मिनिटं बघू म्हटलं, शेवटपर्यंत बघितला.

गोष्ट माहीत असेल. नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. ती त्याला नवरा मानायला नकार देते. व्ही. शांतारामांनी या सिनेमाला पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही. त्यामुळे नीरा गप्प बसते तेव्हा ते गप्प बसणंही ऐकू येतं. शांता आपटेंनी कुठेच दया मागितलेली नाही. नीरा रडते कमी आणि डोळ्याला डोळा जास्त भिडवते. त्या काळच्या नायिकेसाठी हे मोठंच धाडस होतं.

पण शेवट मला खटकतो. म्हातारा नवरा आत्महत्या करतो आणि नीरा मोकळी होते. भांडली ती, पण सुटका झाली त्याच्या मनातल्या बदलामुळे. शेवटी लक्षात राहतो तो त्याचा त्याग. नारायण हरी आपट्यांची कादंबरी, शांतारामांचं दिग्दर्शन. नीराचं बंड कुठपर्यंत जाणार, हे इतरांनीच ठरवलं होतं.

दोन वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, शांता आपटे पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद पगाराचा आणि कराराचा होता. ही पटकथा कुणी लिहून दिलेली नव्हती, आणि समोरच्याला पश्चात्ताप होईल याची खात्रीही नव्हती. त्यांचं प्रभातशी नातं तुटलं. १९४० मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक काढलं. नटीचं काम हेही कष्टाचं काम आहे, त्याचे पैसे आणि अटी असतात, हा विचार त्यामागे होता. मग त्या तमिळ शिकल्या आणि १९४१ च्या 'सावित्री'त नायिका झाल्या.

हॉलिवूडमध्ये हीच लढाई कोर्टात झाली. बेटी डेव्हिस १९३६ मध्ये लंडनमध्ये वॉर्नर ब्रदर्सशी हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंड १९४४ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध जिंकली, आणि कलाकाराला सात वर्षांपलीकडे करारात अडकवता येणार नाही, हे पक्कं झालं. तिच्या नावाने तो कायदा आजही ओळखला जातो. शांता आपटेंच्या नावाने आपल्याकडे काय ओळखलं जातं? बहुतेकांना फक्त नीरा आठवते, आणि उपोषण हा 'तापट बाईचा' किस्सा म्हणून सांगितला जातो.

मला तो किस्सा वाटत नाही, कारण मीही बाँडवर सही केली आहे. पहिली नोकरी, दोन वर्षं, मध्येच सोडली तर दंड. कॅम्पस प्लेसमेंटच्या आनंदात कागद वाचलाही नव्हता. पुढे सोडावीशी वाटली तेव्हा आम्ही चौघं मित्र रोज चहाच्या टपरीवर कंपनीला शिव्या द्यायचो. एचआरच्या केबिनमध्ये मात्र एकदाही गेलो नाही.

म्हणून 'कुंकू' जरूर बघा. नीरा आवडेलच. पण सिनेमा संपल्यावर फाटकाशी बसलेल्या बाईचाही विचार करा. नीराचा नकार अभिनय होता. त्या बाईने खऱ्या मालकाला नकार दिला आणि त्याची किंमतही स्वतःच भरली.