मोठं चाक, जास्त वेग? एका शाळकरी गणिताची झडती

हे गणित तुम्ही शाळेत सोडवलंच असेल. चाकाचा व्यास ७० सेंमी, चाक मिनिटाला ३०० फेरे घेतं, तर गाडीचा वेग किती? परीघ २२० सेंमी, म्हणून मिनिटाला ६६० मीटर, म्हणजे ताशी ३९.६ किमी. पुढचा उपप्रश्न: व्यास ८४ सेंमी केला तर? परीघ २६४ सेंमी, वेग ताशी सुमारे ४७.५ किमी. उत्तराखाली दोन रेघा, पूर्ण मार्क.

आकडेमोड चोख आहे. तक्रार आहे ती त्यातून आपण काय शिकून बाहेर पडतो याबद्दल. ‘चाक मोठं तर गाडी जोरात’ हे वाक्य डोक्यात बसतं आणि मोठेपणी गॅरेजमध्ये कामाला येतं: ‘मोठा टायर टाका, गाडी पळेल.’ टायर आणि रस्ता हाच माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे हे वाक्य सारखं कानावर येतं. म्हणून आज त्या गणिताचीच झडती घेऊ.

आधी एक ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा. पुढची चाकं लहान, मागची मोठी. वेग? दोन्हींचा एकच, कारण गाडी एकच आहे. पुढचं चाक जास्त फेरे घेतं, मागचं कमी, हिशेब जुळतो. बैलगाडीचंही तसंच. तिचं चाक केवढं मोठं, पण गाडी जाणार बैलाच्या चालीनं. म्हणजे वेग ठरतो दुसरीकडेच, चाक फक्त त्याप्रमाणे फेरे घेतं.

गणितातली लपलेली अट आता दिसली ना? ‘तेवढेच फेरे.’ चाक मोठं केल्यावरही मिनिटाला ३०० फेरे कोण घेऊन देणार, हे प्रश्न विचारतच नाही.

ही अट खरोखर पाळणारं एक वाहन होतं: १८७० च्या दशकातली उंच चाकाची सायकल. तिचे पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे चाक जेवढं मोठं तेवढं एका फेऱ्यात अंतर जास्त. चाकं जवळपास दीड मीटरपर्यंत वाढली आणि तिथे थांबली, कारण माणसाचे पाय त्यापुढे पुरेनात. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. मागच्या चाकाला चेन, दोन्ही चाकं जवळपास सारखी. आज २६ इंची चाक, पुढे ४८ दात आणि मागे १६ दात असतील तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल ७८ इंची उंच चाकाएवढं अंतर जाते. तेवढ्या चाकावर कुणाचा पाय पोचला असता? फेरे आणि चाकाचा आकार यांची गाठ चेननं सोडवली. आपलं गणित मात्र अजून १८७० च्या दशकातच पेडल मारतंय.

आता इंजिनाकडे येऊ. परीघ १० टक्क्यांनी वाढला आणि इंजिनाचे फेरे तेवढेच राहिले, तर वेग १० टक्के वाढेल. पण जोरात जाताना मोठा विरोध हवेचा असतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. १.१ चा घन १.३३. म्हणजे १० टक्के वेगासाठी सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती. टायर बदलून इंजिनाची शक्ती वाढत नाही, त्यामुळे इंजिनाचे फेरेच खाली येतात. मोठं चाक म्हणजे थोडा उंच गिअर, एवढंच. गाडीचा मूळ गिअर फार खालचा असेल आणि इंजिन किंवा मोटर फेऱ्यांच्या मर्यादेवर अडकत असेल, तर फायदा होईलही. एरवी चढावर ताकद कमी पडलेली तेवढी जाणवेल.

आणि धोकाही आहे. स्पीडोमीटर चाकाचे किंवा त्याला जोडलेल्या गिअरचे फेरे मोजतो आणि मूळ परिघानं गुणतो. ज्या चाकावर तो अवलंबून आहे त्याचा परीघ ५ टक्के वाढवला, तर मूळ मीटर अचूक धरल्यास काटा ६० दाखवेल आणि गाडी ६३ नं जात असेल. स्पीडोमीटरबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ३९ सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असू नये. कारण उघड आहे: काट्यावर विश्वास ठेवूनच आपण ब्रेकचं अंतर ठरवतो.

मग मोठ्या चाकाचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि तोच गणितातून गायब आहे. चाक गडगडताना होणारा विरोध मोठ्या चाकाला कमी असतो. किती कमी, यावर फ्रान्समध्ये १८३० च्या दशकाच्या अखेरीस मोरँ आणि द्युप्वी या दोन अभियंत्यांचं वाजलं होतं. मोरँच्या मते व्यास दुप्पट केला की विरोध निम्मा. द्युप्वीच्या मते तो व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणजे साधारण २९ टक्क्यांनीच.

खड्ड्यात हा फरक अंगाला जाणवतो. १० इंची रिमच्या स्कूटरचं चाक टायरसकट सुमारे ४४ सेंमी, १८ इंची रिमच्या मोटारसायकलचं ६२ सेंमी. टायर दबत नाही असं धरून ५ सेंमीची कड हळूच चढायची, तर लहान चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या ८२ टक्के आडवा जोर लागतो, मोठ्याला ६५ टक्के. त्यामुळे खराब रस्त्यावर मोठ्या चाकाला कमी वेळा ब्रेक मारावा लागतो. प्रवास लवकर होतो तो यामुळे.

गुळगुळीत रस्त्यावर लहान चाकही मागे राहत नाही. १९६२ च्या डिसेंबरात जॉन वुडबर्ननं लहान चाकांच्या मौल्टन सायकलवरून कार्डिफ ते लंडन विक्रम मोडला. ॲलेक्स मौल्टननं लहान चाकाची उणीव रबरी सस्पेन्शन आणि जास्त हवेच्या टायरनं भरून काढली होती.

तेव्हा ते गणित पुस्तकातून काढू नका, फक्त एक तिसरा उपप्रश्न जोडा: ‘गाडीचा वेग तोच राहिला, तर ८४ सेंमीचं चाक मिनिटाला किती फेरे घेईल?’ उत्तर २५०. आकडेमोड तेवढीच आहे, पण हे सोडवणारं पोर उद्या गॅरेजवाल्याला विचारेल, ‘दादा, फेरे तेवढेच राहतील का?’