तपकिरी कवच आणि 'गावरान' अंडे

बाजारात तपकिरी कवचाचे अंडे 'गावरान' म्हणून पांढऱ्यापेक्षा महाग विकले जाते. घेणाऱ्याची समजूत अशी, की ही कोंबडी अंगणात दाणे टिपत हिंडली असणार आणि तिचे अंडे अधिक निर्धोक असणार. या समजुतीला शास्त्राचा आधार फार थोडा आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. अंडनलिकेत कवचावर प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य बसते की नाही, एवढाच तो प्रश्न. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यातही हजारोंनी पाळता येतात. बलकाचा गर्द रंग खाद्यातल्या कॅरोटिनॉइडांमुळे येतो आणि झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळूनही तो आणता येतो.

कोंबडी कशी ठेवली, तिला काय खाऊ घातले, कोणती औषधे दिली हे महत्त्वाचे. आणि नेमके तेच गिऱ्हाइकाला दिसत नाही. युरोपीय संघात 2004 पासून अंड्यावरच सांकेतिक क्रमांक छापतात. त्यातला पहिला आकडा 0 असेल तर अंडे सेंद्रिय, 1 असेल तर मोकळ्या कोंबडीचे, 2 म्हणजे शेडमधल्या जमिनीवरचे, 3 म्हणजे पिंजऱ्यातले. आपल्याकडे मात्र दुकानदाराच्या शब्दावर भिस्त.

पिंजरा म्हणजे किती जागा, हे वर्गात दाखवता येईल. ए-4 आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ सुमारे 624 चौ. सेंमी. भरते. आपल्याकडे एका कोंबडीला 450 चौ. सेंमी. च्या आसपास जागा देण्याचा प्रघात होता. म्हणजे कागदाचा पाऊण भागही नाही. 2023 च्या केंद्रीय नियमांनी किमान 550 चौ. सेंमी. ठरवले. ही सुधारणा खरी, परंतु हा आकडा पाहून आम्ही थबकलो. युरोपने साध्या पिंजऱ्यांसाठी 550 हेच माप ठरवले होते, आणि ते पिंजरेच 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने 1965 सालीच म्हटले होते, की प्राण्याला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. कागदाहून लहान जागेत कोंबडीने पंख कसे ताणावेत?

ही केवळ भूतदया नव्हे. दाटीत, विष्ठेच्या वाफेत ठेवलेल्या पक्ष्यांत रोग झपाट्याने पसरतो. मग आजार नसतानाही खाद्यातून प्रतिजैविके देण्याचा मोह होतो. मोकळी, स्वच्छ, हवेशीर जागा मिळाली तर सतत औषधे द्यावी लागणार नाहीत, हा धागा विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात नीट जोडला आहे.

'शिजवल्यावर जीवाणू मरतात, मग भीती कसली?' असे विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण जीवाणू स्वयंपाकघरात पोचण्याआधी कामगाराच्या हातांवर असतात, कोंबडखतातून शेतात जातात. शिवाय प्रतिरोधाची जनुके एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. कोलिस्टिन हे इतर औषधे हरल्यावर वापरायचे औषध. त्याला दाद न देणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे एमसीआर-1 हे जनुक चीनमध्ये डुकरांत आणि मांसात सापडल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्यपशूंसाठी कोलिस्टिनला मनाई केली. तोवर ते आपल्या कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातले जात होते!

अंगणातली कोंबडी आपोआप निर्धोक असते, असेही नाही. ती गटारातले टिपते, रानपक्ष्यांत मिसळते, आणि साल्मोनेला तिच्याही आतड्यात असू शकतो. तेव्हा अंडे गावरान असो वा पिंजऱ्यातले, ते पुरते शिजवावे. कच्चे चिकन नळाखाली धुण्याची आपली सवयही सोडावी. त्या शिंतोड्यांतून जीवाणू शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच भुरभुरतो.