‘प्रभात’वरील दोन दडपणें

मराठी चित्रपटाविषयीं बोलणें निघालें म्हणजे ‘प्रभात फिल्म कंपनी’चें नांव प्रथम येतें आणि त्या नांवामागून एक हळहळ येते. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली, १९३३ सालीं पुण्यास आलेली व १९५३ सालीं बंद पडलेली ही संस्था उणींपुरीं चोवीस वर्षें जगली. एवढी गुणी संस्था बुडाली कशानें, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरें ठरून गेलेलीं आहेत. एक उत्तर असें कीं, परकी सरकारच्या सेन्सॉरनें तिला मोकळेपणीं श्वास घेऊं दिला नाहीं. दुसरें असें कीं, माणसें फुटलीं, दैव फिरलें, त्याला इलाज नव्हता. पहिल्या उत्तरांत राग आहे, दुसऱ्यांत उसासा आहे; परंतु दोहोंतहि विचार थोडा आहे, असें आम्हांस वाटतें. ‘प्रभात’वर दडपणें दोन होतीं, एक राज्याचें व दुसरें बाजाराचें. त्यांपैकीं कोणत्या दडपणानें कलेचें काय केलें, हें त्या संस्थेच्या चित्रांवरूनच ठरविलें पाहिजे. तसें केल्यास निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट निघतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम राज्याचें दडपण पाहूं. १९१८ सालच्या कायद्यानें चित्रपटांच्या तपासणीची व्यवस्था केली आणि त्यानंतर मुंबईंत जें मंडळ बसलें त्याचे अध्यक्ष पोलीस कमिशनर असत. चित्रांत रस आहे कीं नाहीं हें पाहण्याची ही योजना नव्हे. त्यांत दंग्याचें बीज आहे कीं नाहीं एवढेंच पाहण्याची ती होती, हें अध्यक्षांच्या हुद्द्यावरूनच उघड होतें. १९३० सालीं ‘प्रभात’नें तरुण शिवाजीच्या पराक्रमावर मूकपट काढला, शिवाजीची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनीं केली. चित्राचें नांव ‘स्वराज्याचें तोरण’ असें ठेवलें होतें. परंतु तें वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचें. ‘स्वराज्य’ हा शब्द चित्रगृहाच्या दारावर लागणें सेन्सॉरला मानवलें नाहीं आणि चित्र ‘उदयकाल’ या नांवानें बाहेर पडलें. पुढें पांच वर्षांनीं तोच प्रकार पुन्हां घडला. बालगंधर्वांना घेऊन एकनाथांच्या चरित्रावर काढलेल्या बोलपटाचें नांव ‘महात्मा’ होतें. १९३५ सालीं तें ‘धर्मात्मा’ झालें.

या दोन प्रसंगांचें वैशिष्ट्य असें कीं, सरकार शब्दाला भ्यालें. ‘महात्मा’ म्हटल्यावर लोकांना कोण आठवेल हें त्याला ठाऊक होतें. पण पडद्यावर एकनाथ अस्पृश्याच्या घरीं जेवावयास बसले म्हणजे लोकांना काय आठवेल, याचा तितका अंदाज त्याला आला नाहीं. १९३२ सालीं पुण्याजवळच येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं अस्पृश्यांच्या मतदारसंघाच्या प्रश्नावर प्राणांतिक उपोषण आरंभिलें होतें. त्याच पुण्यांत, अवघ्या तीन वर्षांच्या आंत, हें चित्र तयार झालें. दारावरची पाटी बदलून तो संदर्भ प्रेक्षकांच्या मनांतून पुसतां येईल असें मानणें भाबडेपणाचें होतें. नांव गेलें, अर्थ राहिला.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून येथें एक गोष्ट स्पष्ट करितों. आम्ही सेन्सॉरचें समर्थन करीत नाहीं. चालू राजकीय लढा उघडपणें पडद्यावर आणणें त्या काळीं अशक्यच होतें आणि जीं चित्रें काढण्याचें कोणाच्या मनांतहि येऊं शकलें नाहीं त्यांचा हिशेब कोणत्याच वहींत सांपडावयाचा नाहीं. ती हानि खरीच आहे. परंतु याच दडपणानें ‘प्रभात’च्या मंडळींस आडवळणानें बोलण्याची विद्या शिकविली, हेंहि तितकेंच खरें. १९३४ सालच्या ‘अमृतमंथना’ंत यज्ञबळी बंद करूं पाहणारा राजा आणि त्याच्यावर उलटणारा राजगुरु यांचा झगडा आहे. कथा कोणत्या काळची हें सांगितलेलें नाहीं. पण श्रद्धेच्या नांवाखालीं सत्ता कशी गाजविली जाते, हें चंद्रमोहन यांच्या त्या पडदा व्यापणाऱ्या डोळ्यांनीं जितकें सांगितलें तितकें एखाद्या व्याख्यानानें सांगितलें नसतें.

या विद्येचें सर्वांत पक्व फळ म्हणजे १९३६ सालचा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’. संतचरित्र हा विषय असा कीं, राज्याला त्यांत राजद्रोह दिसत नाहीं व बाजाराला त्यांत तोटा दिसत नाहीं. एखाद्या सामान्य कंपनीनें येथें चमत्कारांची माळ गुंफून पैसे केले असते. चमत्कार ‘प्रभात’च्या चित्रांतहि आहेत, पण चित्र उभें राहिलें आहे तें जिजाईच्या रोजच्या संसारावर. आजारी मुलाला ओढीत ती देवळांत जाते आणि हातांत पायताण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांची शांति खरी वाटते ती गौरी यांची जिजाई इतकी खरी आहे म्हणून. शांताराम आठवले यांनीं या चित्रासाठीं लिहिलेलें एक पद पुष्कळांनीं तुकोबांचाच अभंग मानलें, यावरून भाषेची नस किती अचूक पकडली गेली होती हें ध्यानांत येईल. हें चित्र मुंबईंत एकाच चित्रगृहांत ५७ आठवडे चाललें आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत निवडक उत्तम चित्रांत त्याची गणना झाली. म्हणजे राज्य व बाजार दोन्ही डोक्यावर बसलेलीं असतां हें चित्र निघालें आणि त्यांपैकीं कोणालाहि शरण गेलें नाहीं.

हें साधलें कसें? याचें उत्तर त्या संस्थेच्या घडणींत आहे. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल व केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ंत हातानें काम करून शिकलेले कारागीर होते. पांचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांनीं भांडवलाची बाजू सांभाळली. दामल्यांकडे यंत्र व ध्वनि, फत्तेलालांकडे नेपथ्य व रंग, अशी कामांची वांटणी होती. नटनटी व कामगार पगारी होते. चित्रीकरण, रसायनशाळा, वेषभूषा, सुतारकाम हें सर्व एकाच आवारांत चाले. एका चित्राचा नफा पुढच्या चित्राच्या कामीं येई. त्यामुळें एखादा प्रयोग फसला तरी संस्था कोसळत नसे. १९३३ सालचें ‘सैरंध्री’ हें चित्र रंगीत करण्यासाठीं जर्मनीस नेलें होतें. रंग मनासारखे उतरले नाहींत. पण त्या अपयशानंतर पुढच्याच वर्षीं ‘अमृतमंथन’ निघालें. सारांश, बाजारांत राहूनहि बाजारापासून चार पावलें दूर उभें राहण्याची सोय या मंडळींनीं करून ठेवली होती. ‘प्रभात’ची खरी मालमत्ता ती हीच, असें आमचें मत आहे.

१९३७ सालीं मुंबई इलाख्यांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें व सेन्सॉरचा हात कांहींसा सैल झाला. या सुमारास ‘प्रभात’ सामाजिक विषयांकडे वळली आणि ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) हीं तीन चित्रें निघालीं. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेल्या ‘कुंकवा’ंत म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यांत बांधलेली तरुणी त्याला नवरा मानण्याचें साफ नाकारते. येथें भय पोलिसांचें नव्हतें. तिकीट काढून येणाऱ्या कुटुंबवत्सल गृहस्थांचें होतें. ज्याच्या पैशावर धंदा चालावयाचा त्यालाच दोषी ठरविणें हें धैर्य सरकारला चुकविण्याहून मोठें आहे.

‘शेजारी’चा विचार थोडा निराळा केला पाहिजे. एक हिंदु व एक मुसलमान असे दोन म्हातारे जिवलग शेजारी. गांवांत धरण बांधण्यासाठीं कंत्राटदार येतो, त्याला जमीन हवी असते, आणि तो दोघांत वितुष्ट पाडतो. लाहोरचा पाकिस्तानचा ठराव १९४० सालचा व हें चित्र लगेच पुढच्या सालचें. हिंदी आवृत्तींत तर मझहर खान यांनीं हिंदूची व गजानन जागीरदार यांनीं मुसलमानाची भूमिका केली. या चित्राच्या ऐक्याच्या संदेशाची स्तुति पुष्कळ झाली आहे. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, येथें भांडणाचें मूळ धर्मांत दाखविलेलें नाहीं. तें बाहेरून आलेल्या पैशांत दाखविलें आहे. जिवलग माणसांत फूट पडली तर तींत कोणाचा फायदा आहे तें पाहा, असें हें चित्र सांगतें. आणि पुढच्याच वर्षीं, १९४२ सालीं, शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले.

येथपासून दुसऱ्या दडपणाची कथा सुरू होते. वस्तुतः ती आंतल्या आंत आधींच सुरू झाली होती. मराठी प्रेक्षकवर्ग लहान, म्हणून बहुतेक चित्रें मराठी व हिंदी अशीं दोनदां काढावीं लागत. खर्च वाढे आणि मोठ्या बाजाराची ओढहि वाढे. बोलपटानें नटनटींचें नांव देशभर केलें. त्या नांवाची बाजारांतील किंमत व कंपनीचा ठरीव पगार यांत अंतर पडूं लागलें. १९३९ सालीं ‘कुंकवा’ची नायिका शांता आपटे कराराच्या वादावरून कंपनीच्या दारांत उपोषणास बसल्या. त्या वादांत न्याय कोणत्या बाजूस होता हा आमचा विषय नाहीं. एकत्र कुटुंबासारखी चाललेली व्यवस्था एकाच बाजूला कुटुंब वाटत होती व दुसऱ्या बाजूला करार, एवढें त्यावरून दिसतें. तशांत महायुद्ध आलें. कच्ची फिल्म परदेशाहून येणारी. तिच्यावर नियंत्रण बसलें, परवाने आले, चित्राची लांबी ११,००० फुटांवर आली. टंचाई आली कीं परवान्याला किंमत येते व किंमत आली कीं सट्टा येतो. युद्धांत मिळविलेला पैसा चित्रधंद्यांत शिरला. त्याला कारखाना नको होता, उमेदवार कारागीर नको होते. एक नांवाजलेला नट, एक भाड्याचा स्टुडिओ व एक चित्र एवढें पुरे होतें. जी कायमची मंडळी ‘प्रभात’चें बळ होती तीच या नव्या हिशेबांत ओझें ठरली.

यावर कोणी म्हणतील कीं, भागीदार फुटले ते वैयक्तिक कारणांनीं. त्यांत बाजाराचा काय दोष? रुसवेफुगवे घरोघर असतात. पण रुसून निघालेल्या माणसासाठीं दारांतच भांडवल तिष्ठत उभें असलें म्हणजे समेटाची गरज कोणालाच उरत नाहीं. शांतारामांनीं मुंबईंत ‘राजकमल’ उभारलें व तेथेंहि चांगलीं चित्रें काढलीं. त्यांची कला संपली नाहीं. संपली ती पांच जणांची मिळून एक असलेली कला.

तरीहि १९४४ सालीं ‘रामशास्त्री’ निघालें. दिग्दर्शक बदलत बदलत तें जागीरदारांच्या हातीं पुरें झालें. घर मोडत असल्याची ही खूणच होती. पण पुतण्याच्या खुनाबद्दल राघोबादादांस तोंडावर अपराधी ठरविणारा न्यायाधीश, ऐन युद्धकाळांत, परकी राज्यांत, पडद्यावर आला. राज्याच्या दडपणानें ‘प्रभात’चा कणा मोडला असता तर हें चित्र निघालें नसतें. पुढच्या वर्षीं दामले वारले. १९४६ सालच्या ‘हम एक हैं’ या हिंदी चित्रांत विषय पुन्हां ऐक्याचाच आहे. एक जमीनदारीण तीन अनाथ मुलांना त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणें वाढविते. हेतु थोर आहे, पण ‘शेजारी’ंतले म्हातारे आधीं माणसें होते व मग हिंदु-मुसलमान होते. येथें मुलांच्या कपाळावर धर्माच्या चिठ्ठ्या आधीं चिकटविल्या आहेत. बाजाराचें दडपण चित्रांत दिसतें तें असें. तें कांहीं कापून टाकीत नाहीं. निरीक्षणाला जो वेळ लागतो तोच काढून घेतें.

शेवटचा पुरावा कालगणनेचाच आहे. परकी सेन्सॉर हाच जर मारेकरी असता, तर १९४७ नंतर ‘प्रभात’ला नवा बहर यावयास हवा होता. तो आला नाहीं. सहा वर्षांत कंपनीच बंद पडली. १९६० सालीं केंद्र सरकारनें त्याच आवारांत चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. ज्या जागेवर परकी सरकारनें नजर ठेवली होती, ती स्वकीय सरकारनें शाळेसाठीं घेतली. मधल्या काळांत ती जागा जिवंत ठेवणें बाजाराला परवडलें नव्हतें.

म्हणून मनोरंजनाच्या मोठ्या कंपन्यांविषयीं लिहिणाऱ्यांस आमची एक विनंती आहे. सरकारनें काय कापलें हें अवश्य विचारावें. त्याचा हुकूम कोठें तरी कागदावर सांपडतो व आज ना उद्यां त्याचा जाब घेतां येतो. परंतु कोणतीं माणसें एकत्र काम करीत होतीं, तीं कां पांगलीं व पांगल्यामुळें कोणतें चित्र निघालेंच नाहीं, हेंहि विचारीत जावें. या दुसऱ्या प्रश्नाचा कागद कोठेंच नसतो. तो टीकाकारानेंच लिहावयाचा असतो.