संग्रहालयांतील व्याख्यानें आणि बोहाड्याचे मुखवटे

कलावस्तूंच्या संग्रहालयांनीं वस्तु मांडून न थांबतां जाहीर व्याख्यानें, प्रात्यक्षिकें व लोकांसाठीं कार्यक्रम करावे, ही रीति आतां आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. भायखळ्यास १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें व १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव धारण करणारें संग्रहालय २००८ मध्यें जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडलें. तेव्हांपासून व्याख्यानें व कार्यशाळा हें त्याच्या कार्याचें एक अंगच झालें. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ मध्यें फिरतें संग्रहालय सुरू केलें व वस्तु गाडींत घालून शाळांच्या आणि गांवांच्या दारीं नेल्या. हे उपक्रम स्तुत्य आहेत यांत संशय नाहीं. परंतु स्तुति म्हणजे परीक्षण नव्हे. अशा कार्यक्रमांनीं इतिहासाच्या साधनांत भर काय पडते, हा प्रश्न संशोधकांनीं विचारलाच पाहिजे. त्याच्या विचारासाठीं आम्ही जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचे मुखवटे पुढें ठेवितों.

जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके पूर्वीं ठाणे जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, त्यांत ते आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची तेथें वस्ती आहे. शेतीचीं कामें उरकल्यावर, उन्हाळ्याच्या दिवसांत, गांवोगांव बोहाडा होतो; कोठें त्यास भोवाडा असेंही म्हणतात. मशालींच्या उजेडांत, संबळाच्या ठेक्यावर मुखवटे घातलेलीं सोंगें नाचत येतात. आरंभीं गणपति व शारदा. मग देव, दैत्य, रामायण-महाभारतांतील पात्रें. आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचें युद्ध. कोणतें सोंग कोणी आणावयाचें हें मनास येईल तसें ठरत नाहीं. अनेक गांवीं तो मान विशिष्ट घराण्यांकडे वंशपरंपरेनें चालत असतो. म्हणजे मुखवटा ही नुसती कोरीव वस्तु नव्हे. तो गांवांतील एका हक्काचा पुरावा आहे.

हाच मुखवटा विकला जाऊन कांचेच्या कपाटांत येतो, तेव्हां त्याखालीं बहुधा जिन्नस, जिल्हा व द्रव्य एवढें सांगणारी चार शब्दांची पाटी लागते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पोथ्या जमविल्या आहेत त्यांस ही स्थिति ओळखीची वाटेल. पोथीच्या अखेरच्या पानावर लेखकाचें नांव, स्थळ, शक, तिथि व कोणासाठीं लिहिली हें असतें. तें पान गळालें म्हणजे ग्रंथ वाचतां येतो, पण त्याची साक्ष लंगडी होते. पाटीवर गांवाचें नांव नसलेला मुखवटा हा पुष्पिका गळालेल्या पोथीसारखाच होय. भेद इतकाच कीं, मुखवट्याची पुष्पिका कागदावर कधींच नव्हती. ती माणसांच्या तोंडीं आहे, आणि तीं माणसें आज हयात आहेत.

येथेंच व्याख्यानांचा दोष उघड होतो. व्याख्याता आदिम कला, निसर्गाशीं एकरूपता, रेषेचा निरागसपणा यांवर तासभर बोलतो; श्रोते टाळ्या देतात; आणि वस्तूविषयीं सकाळीं जें ठाऊक होतें तेवढेंच सायंकाळीं ठाऊक राहतें. वारली चित्रांच्या बाबतींत हेंच घडलें. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आणलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व २०१८ मध्यें ते निवर्तले. त्यांचा गौरव सर्वथा योग्यच आहे. पण त्यापूर्वीं लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें सुवासिनी लिहीत आणि धवलेरी तेथें गाणें म्हणे. त्या स्त्रियांचीं नांवें कोणी टिपून ठेविलीं? २०१४ सालीं या चित्रपद्धतीस भौगोलिक उपदर्शनाची नोंद लाभली. व्यक्तींची नोंद मात्र तेवढ्यानें होत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, संग्रहालयांतील व्याख्यान ही साक्ष घेण्याची सभा व्हावी. मुखवट्यावरील कार्यक्रमास मोखाड्याकडील सोंगाचे मानकरी व मुखवटे करणारे कारागीर यांस बोलवावें, तें केवळ नाच दाखविण्यासाठीं नव्हे. लाकूड कोणतें, रंग कितव्यांदा दिला, सोंग कोणाच्या घरचें, त्याच्या मागून कोणतें येतें, हें त्यांनीं सांगावें व तें त्यांच्याच बोलींत, सांगणाऱ्याच्या संमतीनें, नांव व तिथीसह उतरून घ्यावें. तो लेख वस्तूच्या नोंदवहीस जोडावा आणि त्याची एक प्रत गांवास द्यावी. फिरती गाडी गांवांत गेली तर गांवानें जें सांगितलें तेंही तिनें परत आणावें. जें देवकार्य म्हणून सांगावयाचें नाहीं असें गांव म्हणेल, तें मात्र विचारूं नये.

यावर संग्राहक म्हणतील कीं, लाकूड वाळवी खाते, कागदाचा लगदा पावसानें विरतो. आम्ही मुखवटा घेतला नसता तर तो उरलाच नसता. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु जीर्ण पोथी आपले पूर्वज नवी उतरून घेत, त्याप्रमाणें मुखवटाही गांवांत पुन्हा रंगविला जातो, मोडल्यास नवा होतो. परंपरेचा जीव त्या पुन्हा करण्यांत आहे. मानाचा मुखवटा किंमत देऊन उचलला तर एक वस्तु वांचते व एक सोंग बंद पडण्याचा धोका उभा राहतो. त्यापेक्षां त्याचें छायाचित्र व मोजमाप घ्यावें, कारागिराकडून दुसरा करवून त्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि मूळ मुखवटा प्रदर्शनापुरता मागून बोहाड्यापूर्वीं परत पोंचवावा. वापरांतून खरोखरच गेलेला मुखवटा मानकऱ्यानें आपखुशीनें दिला, तर तोही त्याच्या हकीकतीसह घ्यावा.

असें झालें तर व्याख्यानांस श्रोते किती जमले यापेक्षां त्यांतून किती वस्तूंचीं गांवें व कर्ते निश्चित झाले, हें वार्षिक वृत्तांत छापतां येईल. दप्तरांतील रुमाल आजचा उद्यां सोडला तरी चालतो. सोंगाच्या वृद्ध मानकऱ्याची साक्ष तशी थांबून राहत नाहीं. ज्या संग्राहकांपाशीं असे मुखवटे आहेत, त्यांनीं निदान ते कोठून व कोणाकडून आले एवढें आजच लिहून ठेवावें, अशी आमची त्यांस विनंती आहे.