तालपुट आणि पठ्ठे बापूराव

तमाशाकलावंत पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला निधी बाबासाहेबांनी नाकारला, ही आठवण कलेच्या तिरस्काराचा पुरावा म्हणून सांगितली जाते. हे वाचन आम्हांस मान्य नाही. संयुत्तनिकायात नटप्रमुख तालपुटाला भगवंत सांगतात की, रंगमंचावरील खेळ प्रेक्षकांचे राग, द्वेष, मोह वाढवितो. तालपुट रडतो, परंतु भगवंतांच्या बोलामुळे नव्हे. ‘नट पहास देवांमध्ये जन्मतो’ असे सांगून पूर्वाचार्यांनी दीर्घकाळ फसविले म्हणून. पुढे तो अर्हत होतो. थेरगाथेत त्याच्या ५५ गाथा आहेत. म्हणजे निषेध फसवणुकीचा. नटाला मुक्तीचे दार खुलेच.

हाच निकष येथे लावावा. बापूरावांचा फड महार समाजातील पवळेच्या नृत्यावर गाजला. बापूराव १९४५ मध्ये विपन्नावस्थेत वारले. तरी ‘शाहीर’ म्हणून त्यांचे नाव उरले, पवळा मात्र त्यांच्या चरित्रातील उल्लेखापुरती. बाबासाहेबांचा नकार आम्ही या विषमतेला दिलेला नकार मानतो. कलेचाच तिटकारा असता, तर भीमराव कर्डकांचा जलसा त्यांनी गौरविला नसता.