पाटी तीच, माणूस गेला

मस्कतमध्ये मी अल खुवैर भागात राहते. गेल्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर एकाच महिन्यात दोन कॉफी शॉप्स बंद झाली.

पहिलं बंद झालं ते सगळ्यांना कळलं. सिमेंटच्या रंगाच्या भिंती, लाकडी बाकं, इथिओपियाच्या बिया, दीड रियालची फ्लॅट व्हाइट. जेमतेम सव्वा वर्ष चाललं. शेवटच्या दिवशी इन्स्टाग्रामवर काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरात निरोप आला, खाली दोनशेच्या वर प्रतिक्रिया. कुणी तिथे थिसिस संपवला होता, कुणाचं तिथे जमलं होतं. मीही एक बदामाचं चिन्ह टाकलं.

दुसरं त्याच रांगेत, चार गाळे सोडून. प्लास्टिकच्या खुर्च्या, शंभर बैशांचा करक. ते बंद झाल्याचं कुणालाच कळलं नाही, कारण कागदोपत्री ते बंद झालेलंच नाही. पाटी तीच आहे, परवाना तोच आहे, नकाशावर अजून ‘चालू’ दिसतं. फक्त एकोणीस वर्षं काउंटरमागे उभा असलेला माणूस एकतर्फी तिकिटावर कन्नूरला परत गेला आणि त्याच्या जागी दोन नवी मुलं आली.

तर माझा प्रश्न साधा आहे. या दोन्हींत खरं बंद झालं ते कोणतं? आणि शहरातली हॉटेलं उघडण्या-मिटण्याबद्दल आपण जे इतकं लिहितो, वाचतो, शेअर करतो, त्यात दुसऱ्या प्रकारचं बंद होणं का दिसत नाही?

बर्लिन, टोरांटो, मेलबर्नमध्ये हे वाचत असाल तर आधी एक खुलासा. ओमानमध्ये ‘कॉफी शॉप’ म्हणजे जिथे कॉफी सहसा कुणी मागत नाही ते दुकान. आपल्याकडे ‘हॉटेल’मध्ये कुणी मुक्कामाला जात नाही, तसंच. मिळतो तो करक, म्हणजे डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा, वेलची घालून उकळून उकळून दाट केलेला चहा. सोबत केरळी पराठा, त्यात अंडं किंवा चीज आणि चुरडलेले ‘चिप्स ओमान’. चालवणारे बहुतेक मल्याळी. गाडी दारासमोर लावायची, हॉर्न द्यायचा, पोरगा बाहेर येऊन ऑर्डर घेतो. आत बसतात बांधकामावरचे कामगार आणि टॅक्सीवाले. ओमानमध्ये टॅक्सी फक्त ओमानी नागरिकच चालवतात, म्हणजे साहेब आणि मजूर यांच्या अधेमधे, एका टेबलावर ओमानी आणि परदेशी माणसं शेजारी बसून चहा पितात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आमच्यासारख्या बायका मात्र सहसा गाडीतूनच चहा घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या लिखाणाकडे येऊ. शहरातल्या जागांबद्दल आपण दोन प्रकारे लिहितो. एक म्हणजे यादी: या वर्षी काय उघडलं, काय मिटलं, कुठे काय खावं. दुसरा प्रकार मृत्युलेखाचा, आणि मराठी माणूस त्यात तरबेज आहे. २०१४ मध्ये ग्रँट रोडचं बी. मेरवान बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या, आठवणींचे रकाने भरले. पुढे ते डागडुजी करून पुन्हा उघडलं, पण मृत्युलेख तोवर छापून झाले होते. २०१५ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार मिटलं तेव्हा तर सगळ्या चित्रकार-कवी-पत्रकारांनी हातभार लावला. ते लेख मीही वाचले, काही आवडलेही.

पण सलग वाचून काढले की त्यांचा साचा दिसतो. लेखक नेहमी टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला असतो. मालक खडूस पण मनाचा मोठा. वेटर नावाशिवाय. चहा स्वस्त, वेळ भरपूर. आणि शेवटी दोष कशाला, तर ‘बदलत्या काळाला’. जणू काळ हा कुणीतरी बिल्डर आहे.

काळाघोड्याचं वेसाइड इन आठवतंय? म्हणजे, पाहिलेलं नसेल, ऐकलं तरी असेल. अरुण कोलटकर तिथे बसत. पण २००४ साली आलेल्या त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये त्या हॉटेलाचे गोडवे कमी आणि बाहेरच्या चौकातली माणसं जास्त आहेत: झाडूवाल्या, फुटपाथवर राहणारे, रस्त्यावर बसून नाश्ता करणारे. आपण कोलटकरांकडून टेबल तेवढं घेतलं. खिडकीतून बाहेर बघायचं राहून गेलं.

मृत्युलेखात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जागा जुनी होते ती प्रेमाने. हे मला आता पटत नाही. मुंबईचे इराणी टिकले त्याला ब्रून-मस्कापेक्षा कायदा जास्त कारणीभूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द, केरमानकडून आलेल्या त्या लोकांना राहण्याची मुदत घालून दिलेली नव्हती. त्यांनी लग्नं केली, पोरं मुंबईत वाढली, गल्ल्यावर बसली. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या आसपास गोठली. दोन तास एका चहावर बसू द्यायचा दिलदारपणा होता, नाही म्हणत नाही. पण त्या दिलदारपणाचं भाडं कायद्याने कमी ठेवलं होतं.

उडप्यांचंही तेच. माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं. पुढे १९६६ मध्ये शिवसेना आली, दाक्षिणात्यांविरुद्ध मोहिमा झाल्या, उडपी हॉटेलांवर दगड पडले. तरी ती माणसं राहिली, कारण देशात कुठेही राहण्या-स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये लिहिलेला होता. आज आपण इडली खाताना ‘आपलं मुंबईचं’ म्हणतो. ते ‘आपलं’ व्हायला साठ वर्षं लागली, आणि ती साठ वर्षं त्यांना मिळाली.

हॉटेल म्हातारं व्हायचं असेल तर मालकाला तिथे म्हातारं होता आलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

मस्कतमध्ये कन्नूरच्या माणसाला ते करता येत नाही. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, दोन वर्षांचा, मग पुन्हा दोन वर्षांचा. असे नऊ-दहा तुकडे जोडले की एकोणीस वर्षं होतात, पण त्यांची बेरीज कुठेच लागत नाही. परवाना बहुतेक वेळा ओमानी माणसाच्या नावावर; इथले लोक त्याला ‘अरबाब’ म्हणतात. अरबाबला महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि दुकान स्वतःच चालवायचं ही जुनी पद्धत. २०२३ मध्ये छुप्या व्यापाराविरुद्ध नियमावली आली, तेव्हापासून तीही अवघड झाली. कुटुंब आणायचं तर पगाराची अट: २०१७ पर्यंत ती महिना ६०० रियाल होती, मग ३००, आणि २०२३ मध्ये १५० वर आली. म्हणजे ज्या वयात पोरं गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करतात, त्या वयात याची पोरं केरळात होती. आणि २०२२ च्या जानेवारीत नियम बदलेपर्यंत खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला साठीनंतर साधारणपणे परवानाच मिळत नसे. इराण्याचा फोटो आपण काढतो तो पांढऱ्या केसांचा. इथे केस पांढरे व्हायच्या आत माणूस विमानात.

तुम्ही म्हणाल, मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय आहेत की. आहेत. खिमजी रामदास ही कच्छी पेढी १८७० पासून इथे आहे, आणि कनकसी खिमजी यांना तर सुलतान काबूस यांनी ‘शेख’ ही पदवी दिली. पण ते व्यापारी घराणं. त्यांच्या अपवादावरून पराठा लाटणाऱ्याचा नियम काढता येत नाही.

मग आला कोविड. मार्च २०२० मध्ये हॉटेलांत बसणं बंद झालं. एप्रिलमध्ये मत्रा विलायत सील केली, आणि तिच्यात रुवी येतं, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगारांचं मस्कत. मे महिन्यात भारत सरकारची विमानं सुरू झाली. नोव्हेंबरपासून व्हिसा संपलेल्यांना दंड न भरता परत जायची मुभा मिळाली. त्या वर्षी किती कॉफी शॉप्सचे काउंटर रिकामे झाले याचा मृत्युलेख मी तरी कुठे वाचला नाही. पुढे परवाने नव्या माणसांच्या हाती गेले, आणि नकाशावर ‘चालू’चं ‘चालू’च राहिलं.

इथे थांबले तर हा लेख सोपा होईल: बिचारा मल्याळी, दुष्ट कायदा. पण दुसरी बाजू खरी आहे आणि ती इथल्या मुलांची आहे. २०११ मध्ये सोहारला नोकऱ्यांसाठी तरुण रस्त्यावर आले, २०२१ मध्ये पुन्हा आले. ‘आमच्या देशात आम्हाला काम द्या’ हे म्हणणं चुकीचं कसं म्हणायचं? सिमेंटच्या भिंतींचं ते दुकान दोन ओमानी मित्रांनी काढलेलं होतं, काउंटरवर स्वतः उभे राहायचे. त्यांचे पैसे बुडाले. त्यांच्यासाठी लिहिलेल्या दोनशे प्रतिक्रिया खोट्या नव्हत्या, माझा बदामही खोटा नव्हता.

मला खटकतं ते त्या प्रतिक्रियांमधला एक शब्द: ‘लोकल’. ‘लोकल कॉफी शॉप वाचवा.’ इथिओपियाच्या बिया, इटालियन यंत्र, मेलबर्नच्या धर्तीची सजावट: हे लोकल, कारण मालक इथला. आणि ज्या पराठ्यावर इथल्या पोरांचं अख्खं बालपण गेलं, शाळा सुटल्यावर चिप्स चुरडून जो खाल्ला, तो लोकल नाही, नुसता ‘स्वस्त’. माझ्या ओमानी सहकारी परदेशातून सुट्टीवर आल्या की विमानतळावरून थेट करकच्या दुकानासमोर गाडी लावतात. त्यांची जीभ एक सांगते आणि यादी दुसरंच.

आपल्यालाही हा प्रश्न लागू आहेच. तुमच्यापैकी बरेच जण व्हिसावर आहेत. मीही दोन वर्षांच्या करारावर आहे; पोस्टडॉक म्हणजे दुसरं काय असतं? तुमच्या गल्लीतला तुर्की केबाबवाला, व्हिएतनामी बाई, नाहीतर डोसा लावणारा तमिळ दादा ‘आपल्या शहराचा’ आहे की नाही, हे ठरवताना आपण चव बघतो. त्याला तिथे राहायची मुभा किती दिवस आहे हे विचारत नाही. आणि मग ते दुकान गेलं की ‘काळ बदलला’ असं लिहून मोकळे होतो.

मी स्वतः वेगळी नाही. इक्का गेल्याचं कळलं त्या रात्री मी हाच मृत्युलेख लिहायला बसले होते. वाफाळता करक, रात्री एकचा हॉर्न, परीक्षेचे दिवस. झकास चाललं होतं. चौथ्या ओळीत त्याचं नाव हवं होतं आणि ते मला माहीत नव्हतं. मी त्याला ‘इक्का’ म्हणायचे, तो मला ‘मॅडम’. तीन वर्षं गाडीची काच खाली करून मी चहा घेतला, आणि एकदाही आत जाऊन बसले नाही. टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूची म्हणून मी इतरांना नावं ठेवते, मी तर टेबलापर्यंतही पोचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आत गेले. खुर्चीवर बसले. टॅक्सीवाल्यांनी जरा सरकून जागा केली, बाकी कुणाला काही वाटलं नाही. नवा मुलगा बांगलादेशचा, विशीतला. चहा पातळ होता. मी काही म्हणायच्या आधीच तो हिंदीत म्हणाला, “मॅडम, अभी ठीक नहीं बनता. चाचा फोन पे बताता है, कितना उबालना है.”

म्हणजे कन्नूरला बसून इक्का अजून मस्कतचा चहा उकळतोय. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, पगाराशिवाय.

मुलाने मला त्याचं नाव सांगितलं, नंबरही देऊ केला. मी अजून फोन केलेला नाही, त्यामुळे नाव लिहू का हे त्याला विचारलेलं नाही. म्हणून ते या लेखात नाही.