अप्पासाहेबांचे घर

नाशिककराने 'नटसम्राट'वर लिहावे म्हणजे गोदाकाठच्या माणसाने गोदेचे पाणी गोड आहे असे सांगण्यासारखेच आहे. तात्यासाहेब शिरवाडकर आमच्या गावचे. २३ डिसेंबर १९७० रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढे लिहून झाल्यावर नवे काय सांगायचे, हा प्रश्न माझ्यासारख्या मॅट्रिक शिकलेल्या मास्तरणीला पडावा हे साहजिकच आहे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, वाचन बंद झाले, आणि रोज रात्री मी त्यांना हे नाटक थोडे थोडे वाचून दाखवू लागले. तेव्हा एक गोष्ट घडली, ती वाचकांना सांगावीशी वाटते.

घर मागणाऱ्या त्या प्रसिद्ध स्वगताशी डोळे पुसावेत, हा आपला रिवाज आहे. सासूबाईंनी मला थांबवले ते पहिल्याच अंकात. सत्कार आटोपून आलेले अप्पासाहेब आपले सारे काही नंदा आणि नलू यांना वाटून टाकतात, तिथे. "अगं, थांब जरा," त्या म्हणाल्या, "ह्या माणसाला महिन्याचं काही येणार आहे का?" मी म्हटले, "नाही आई, नाटकातल्या नटाला कुठलं पेन्शन?" त्या म्हणाल्या, "मग पुढचं मला कळलं. वाच तू."

पन्नासहून अधिक वर्षे आपण हे नाटक कृतघ्न मुलांची कथा म्हणून पाहत आलो आहोत. टीकाकारांनी भाषावैभव, नटाचा अहंकार, शेक्सपिअरच्या लिअरशी असलेले नाते, सगळे धुंडाळले. परंतु त्या घरात पैशाची व्यवस्था काय होती, हा प्रश्न टीकेच्या प्रतिष्ठेला न शोभणारा म्हणून बाजूला राहिला. वस्तुतः लिअरचा जन्मही अशाच प्रश्नाच्या शेजारी झालेला आहे. इंग्लंडात १६०१ साली दारिद्र्यविषयक कायदा झाला आणि निर्धन आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकली गेली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच ते नाटक लिहिले गेले. त्या देशाने १९४८ साली ही सक्ती काढून टाकली आणि निराधार वृद्धांचा भार सरकारने घेतला. त्याने तिकडच्या मुलांचे प्रेम वाढले की आटले, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण आपण नेमक्या उलट दिशेने चालत आलो, हे मात्र दिसते.

१९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांचे पोषण मुलांवर आणि मुलींवरही बंधनकारक केले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईबापांना पोटगीचा दावा लावता येईल असे केले, आणि विवाहित मुलगीही त्यातून सुटत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले. म्हणजे अप्पासाहेबांना १९७० सालीदेखील कोर्टाची पायरी चढता आली असती. नटसम्राट ती चढला असता का, हा भाग निराळा.

मग २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा झाला. त्याचे २३ वे कलम वाचताना मला वाटले, हे लिहिणाऱ्याने 'नटसम्राट' पाहिलेले असावे! सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणेच रद्द ठरवता येते. मात्र ग्यानबाची मेख 'अटीवर' या शब्दात आहे. अशी अट होती हे दाखवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने कलम उदारपणे वाचावे असे सांगून एका आईला तिची मालमत्ता परत दिली. आता आमचे अप्पासाहेब! त्यांनी अट घातली असती तर ते नटसम्राट राहिले असते का? बिनशर्त देण्यातच त्यांचे राजेपण आहे. पोटच्या पोराकडून लिहून घेणारा बाप हा शहाणा गृहस्थ होय, पण त्याच्यावर नाटक होत नाही. कायद्याने वाचवलेला माणूस आणि शिरवाडकरांनी लिहिलेला माणूस हे दोन निराळे आहेत, आणि आपल्या घरांत दुसऱ्याचीच संख्या मोठी आहे.

व्याकरण शिकवण्याचा माझा धंदा असल्यामुळे या कायद्याची क्रियापदे मी जरा निरखून पाहिली. मुलांच्या बाबतीत ते 'बंधन' म्हणते. प्रांताधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च लावता येतो, टाकून दिल्यास तीन महिन्यांची कैद होऊ शकते. आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे वृद्धांचे एक आश्रयगृह सरकार 'काढू शकेल'. मुलगा 'केलेच पाहिजे' आणि सरकार 'करू शकेल'! निबंधात एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले तर मी तांबड्या शाईने खूण करीन. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापण्याचे ठरवले. तक्रारी ज्यांच्याविरुद्ध आल्या त्यांत शिक्षकही होते. ती बातमी आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणी मोठ्याने वाचली नाही.

आणखी एक पात्र आहे, ज्याच्याबद्दल मला नेहमीच बोलावेसे वाटते. ते म्हणजे अप्पासाहेबांची सून शारदा. प्रेक्षक तिच्यावर दात खातात. पण सासऱ्याचे जेवणखाण, त्याचे रुसवेफुगवे, ठमीला लागणाऱ्या सवयी, हे सगळे कोणाच्या वाट्याला येते? २००७ च्या कायद्यातील 'अपत्य' या व्याख्येत मुलगा आहे, मुलगी आहे, नातवंडे आहेत, सून नाही. तिला व जावयाला त्यात आणणारे विधेयक २०१९ साली आले आणि तसेच बारगळले. बरे झाले की वाईट, मला सांगता येत नाही. शिक्षेपुरते तिचे नाव घालायचे आणि तिच्या राबण्याचा हिशेब कुठेच धरायचा नाही, असे ते झाले असते. नाटककारानेही तिला फार कमी बोलू दिले आहे. हे मी एक सून म्हणून म्हणते, असे कोणी म्हणाले तर म्हणो.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त असा खलपुरुष कोणी नाही. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात, आणि नाना-नानी एकटे. तिथे कोणत्याही कलमाला पकडायला माणूसच सापडत नाही. म्हणून ते नाटक मला अधिक भिववते.

सासूबाईंच्या प्रश्नाकडे परत येते. आमच्या खोलीत आता दोन जाती झाल्या आहेत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नेमणूक झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन, नंतरच्यांना सामान्यतः नाही. पहिल्या जातीतले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "बाई, दर एक तारखेला माझा आवाज घरात जरा मोठा असतो." ते हसले, पण मला त्यात अप्पासाहेबांचे सगळे दुखणे ऐकू आले. त्या माणसाजवळ आवाज प्रचंड होता; एक तारीख नव्हती.

ज्यांना कोणतेच निवृत्तिवेतन नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे, तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. नाव फार सुंदर आहे. खांद्यावर कावड घेऊन सरकार निघाले आहे असे चित्र डोळ्यांपुढे येते. वय ६५ पूर्ण हवे. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. म्हणजे मिळवता मुलगा किंवा सून ज्या म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून घेते, तिला श्रावणबाळ भेटत नाही. जिला वेगळी काढली तिला भेटतो.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. सासूबाईंचा अर्ज मी भरायला बसले तेव्हा एका जाणत्या गृहस्थाने सल्ला दिला की त्यांचे रेशनकार्ड आधी वेगळे काढा, कागदावर त्या एकट्या राहतात असे दिसू द्या, मग पुढचे सोपे आहे; पुष्कळजण करतात. मी घरी येऊन सांगितले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे पंधराशे रुपयांसाठी मी तुझ्या घरातून बाहेर पडायचं, आणि रात्री जेवायला परत यायचं?" मी म्हटले, "फक्त कागदावर, आई." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अप्पासाहेबांनीसुद्धा कागदावरच दिलं होतं ना?"

अर्ज अजून कपाटात आहे. त्यावर त्यांचा फोटो चिकटवलेला आहे, सही राहिली आहे. नाटकाचे पुस्तक मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितले आहे. आता डोळा बरा झाला तरी मीच वाचावे असे त्यांचे म्हणणे पडले.